दहा नंबरची सहा नंबर झाले, ताई

ताई,

माझं वय २६. एका व्यावसायिक फुटबॉल क्लबकडून चौथा हंगाम खेळतेय. लहानपणापासून मी दहा नंबरच्या जागेवर, स्ट्रायकरच्या मागे खेळत आले. गोल करायचे, करून द्यायचे. गेल्या वर्षी नवे प्रशिक्षक आले आणि त्यांनी मला उचलून बचाव फळीच्या पुढ्यात, सहा नंबरवर नेलं. २२ पैकी २१ सामने खेळले. गोल शून्य. आता मॅच संपल्यावर कुणी माझं नाव घेत नाही. करार चार महिन्यांत संपतोय. परदेशातल्या एका क्लबची एजंटमार्फत विचारणा आलीये: पगार दीडपट, करार एक वर्षाचा, आणि ‘तुला दहा नंबरवरच खेळवू’ असं त्यांनी फोनवर सांगितलंय. आमच्या क्लबला न सांगता बोलतेय याचंही मनाला लागतं. तीन वर्षांपूर्वी माझ्या गुडघ्यातल्या एसीएल या अस्थिबंधाचं ऑपरेशन झालंय. दोनेक वर्षांत आम्हाला मूल हवंय. आई म्हणते, पुरे झालं, अर्धवट राहिलेली पदवी पूर्ण कर आणि नोकरी बघ. माझी उतरण सुरू झालीये का? जाऊ की राहू?

— शून्य गोलवाली

प्रिय शून्य गोलवाली,

सही वाचून आधी हसले. मग पत्र पुन्हा वाचलं, तेव्हा तुझ्या हिशेबातली गडबड दिसली. शून्य गोल तू सही करतानासुद्धा विसरली नाहीस, पण त्याच्या आधीचं वाक्य नुसतं उरकून टाकलंस. २२ पैकी २१ सामने! प्रशिक्षकांना एखादीला अडगळीत टाकायचं असलं की ते तिला बेंचवर बसवतात, सत्तराव्या मिनिटाला वॉर्मअप करायला लावतात आणि शेवटी मैदानात पाठवतच नाहीत. (हे सगळं मी भोगलंय. अडगळ कशी दिसते ते मला विचार.) तुला त्यांनी संघाच्या मधोमध उभं केलं आणि वर्षभर तिथून हलवलं नाही.

तरी तुझं दुखणं खोटं नाही. मीही मधल्या फळीतच खेळले, अकरा हंगाम. मला आठवरून, म्हणजे मधल्या फळीतल्या पुढच्या जागेवरून, सहावर आणलं तेव्हा अर्धा हंगाम मी रुसून काढला. रुसून म्हणजे कसं, तर प्रत्येक चेंडूमागे पुढे धावायचे, माझी खरी जागा तिकडे आहे हे दाखवून द्यायला. एका सामन्यात माझ्यामागे पडलेल्या मोकळ्या जागेतून आम्ही दोन गोल खाल्ले. मध्यंतरात आमची सेंटर बॅक, म्हणजे बचावाच्या मधोमध खेळणारी, ओरडली नाही. पाण्याची बाटली हातात देत एवढंच म्हणाली, ‘तू पुढे गेलीस की मला एकटीला दोघींना धरावं लागतं.’ सहा नंबरची जागा कुणासाठी असते, याचा तोवर मी विचारच केला नव्हता.

लांबून बघणाऱ्याला ही खेळाडू काहीच करत नाही असं वाटतं, कारण तिचं निम्मं काम चेंडू येण्याआधीच झालेलं असतं. चेंडू सेंटर बॅककडे असताना ती डाव्या खांद्यावरून मागे बघते, मग उजव्या, पुन्हा डाव्या. पाठीवर कोण येतंय, मोकळी कोण आहे, विंगर आत वळलीये का. अभ्यासक याला स्कॅनिंग म्हणतात. आमच्या वेळी बाहेरून नुसतं ‘मान फिरव, मान!’ असं ओरडायचे. मग शरीर तिरकं ठेवायचं, म्हणजे चेंडू लांबच्या पायावर घेता येतो आणि पहिल्याच स्पर्शात मैदान समोर उघडतं. आपल्याच गोलकडे तोंड करून चेंडू घेतला की तो परत मागे देण्याशिवाय गत्यंतर उरत नाही, आणि समोरच्या संघाला तेच तर हवं असतं. दहा नंबरला चुका परवडतात. दहापैकी सात पास फुकट गेले आणि तीन लागले तर ती त्या दिवसाची राणी. सहा नंबरचा एक पास चुकला की पुढच्या चार सेकंदांत काय होतं, ते तू या वर्षी अनुभवलं असशीलच. म्हणून तिचा पास साधा असतो. तो साधा ठेवता यावा यासाठी तर आधी मान फिरवायची.

वरच्या पातळीवरची मिडफिल्डर एका सामन्यात दहा-अकरा किलोमीटर धावते. त्यातलं किती कुणाच्या लक्षात राहतं? गोल करणारीचा फोटो निघतो. जो गोल झालाच नाही, त्याचा फोटो काढणाऱ्याने तरी कसा काढायचा!

आता होमारे सावाची गोष्ट सांगते, कारण ती थेट तुझ्याच रस्त्याने गेली. पंधराव्या वर्षी ती जपानच्या राष्ट्रीय संघात आली आणि कितीतरी वर्षं आक्रमक मिडफिल्डर म्हणून गाजली. २००८ मध्ये नोरिओ सासाकी प्रशिक्षक झाले आणि त्यांनी तिला मागे, बचावात्मक मिडफिल्डमध्ये आणलं. तेव्हा ती २९ वर्षांची होती, म्हणजे आजच्या तुझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. पुढे २०११ च्या विश्वचषकात त्याच मागच्या जागेवरून येऊन तिने पाच गोल केले, स्पर्धेतले सर्वाधिक. अंतिम सामन्यात अमेरिकेविरुद्ध जादा वेळेत, ११७व्या मिनिटाला, कॉर्नरवर बरोबरीचा गोल तिचाच. मग पेनल्टीवर जपान जगज्जेता झाला. सर्वाधिक गोलांचा आणि सर्वोत्तम खेळाडूचा, दोन्ही पुरस्कार तिला मिळाले. मला विचारशील तर मागे गेल्यामुळेच तिला ते गोल सापडले. स्ट्रायकरच्या मागे उभी असलेली खेळाडू सगळ्यांना दिसत असते; तीस मीटर मागून धावत येणारीला कुणी धरायचं, यावर बचावपटूंचं एकमत व्हायच्या आत ती पोचलेली असते.

अमेरिकेच्या मिशेल एकर्सचंही तसंच. १९९१ च्या पहिल्या महिला विश्वचषकात तिने दहा गोल केले होते. १९९९ चा विश्वचषक आला तोवर तीव्र थकव्याच्या आजाराने तिचं शरीर पोखरलं होतं आणि ती मागे, बचाव फळीच्या पुढ्यात खेळत होती. रोझ बोल स्टेडियमवर ९०,१८५ लोकांसमोर झालेल्या त्या अंतिम सामन्यात नव्वद मिनिटं चीनला एकही गोल करता आला नाही, आणि त्यात तिचा वाटा मोठा होता. आणि ब्राझीलची फोर्मिगा. पोर्तुगीजमध्ये फोर्मिगा म्हणजे मुंगी! मुंगीसारखीच मैदानभर निमूटपणे राबणारी ही मिडफिल्डर १९९५ ते २०१९ सात विश्वचषक खेळली. महिला फुटबॉल ऑलिंपिकमध्ये आलं १९९६ साली. तेव्हापासून टोकियोपर्यंत तिने एकही ऑलिंपिक चुकवलं नाही. टोकियोत ती ४३ वर्षांची होती. २६ व्या वर्षी उतरण कसली शोधतेस?

नाव कुणी घेत नाही म्हणतेस, तर इंग्लंडच्या कीरा वॉल्शकडे बघ. गोलांच्या यादीत ती क्वचितच सापडते. २०२२ च्या युरोच्या, म्हणजे युरोपीय देशांच्या स्पर्धेच्या, फायनलमध्ये एला टूनने पळत जाऊन गोलकीपरवरून चेंडू उचलला, तो गोल सगळ्यांना आठवतो. खूप मागून तो पास टाकला होता वॉल्शने. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बार्सिलोनाने तिच्यासाठी चार लाख पौंडांच्या घरात रक्कम मोजली. महिला फुटबॉलमधला त्या वेळचा तो विक्रम होता, तोही एका सहा नंबरसाठी. पुढच्या वर्षीच्या विश्वचषकात डेन्मार्कविरुद्ध ती जखमी होऊन स्ट्रेचरवरून बाहेर गेली, तेव्हा प्रशिक्षक सरिना वीगमन यांनी तिच्या जागी नुसती दुसरी खेळाडू आणली नाही. पुढच्या सामन्यात त्यांनी संघाची रचनाच बदलली, मागे बचावाला तिघी ठेवल्या.

पण एकच बाजू सांगून तुला गप्प करायचं नाहीये. खेळाडूला चुकीच्या जागी अडकवलं जातं, हेही खरं. २०१५ च्या विश्वचषकात अमेरिकेची कार्ली लॉइड सुरुवातीला खूप मागे बांधली गेली होती. बाद फेरीत तिच्यामागे मॉर्गन ब्रायन आली आणि लॉइडला पुढे मोकळं सोडलं. मग उपांत्यपूर्व सामन्यात विजयी गोल, उपांत्य सामन्यात पेनल्टी, आणि फायनलमध्ये पहिल्या सोळा मिनिटांत हॅट्‌ट्रिक. त्यातला एक गोल तर मैदानाच्या मध्यावरून. ती हॅट्‌ट्रिक जगाला माहीत आहे. ब्रायनचं नाव किती जणींना आठवतं? (बघ, मीसुद्धा पुन्हा सहा नंबरच्याच बाजूने बोलायला लागले.)

तेव्हा तू लॉइड आहेस की सावा, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. तुझे प्रशिक्षक सांगू शकतात. त्यांना तू विचारलंयस का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही. वर्षभर मनात कुढत बसलीस आणि ज्यांनी निर्णय घेतला त्यांच्याशी बोललीच नाहीस, असं असेल तर पहिलं काम ते. वेळ मागून घे आणि सरळ विचार: मला इथे का आणलं? पुढच्या हंगामातही हीच जागा का? आणि या जागेवर मी कशात कमी पडतेय? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐक. त्यावर त्यांनी नेमकं काही सांगितलं, एखादा प्रसंग, एखादा सामना, तर समज की ते तुला घडवतायत. ‘छान चाललंय, चालू ठेव’ असं मोघम म्हणाले, तर तू फक्त भोक बुजवायला आहेस. मग तुझ्या नाराजीला अर्थ आहे.

आता ती परदेशची विचारणा. आधी मनाला लागलेलं ते काढून टाक. कराराचे शेवटचे सहा महिने उरले की दुसऱ्या क्लबशी बोलणी करायची मुभा फिफाच्या नियमातच आहे. तू काही चोरून करत नाहीयेस. क्लबसुद्धा तुझ्या जागी कुणी मिळतंय का ते बघतच असेल, आणि त्याचं त्यांना काही लागत नसेल.

पण ‘दहा नंबरवरच खेळवू’ हे फोनवरचं वाक्य तू पगाराच्या बरोबरीने मोजतेयस, तिथे थांब. कोण खेळवणार? तिथले आजचे प्रशिक्षक. ते सहा महिन्यांत गेले तर? तुझ्याच क्लबमध्ये नवा माणूस आला आणि पहिल्याच महिन्यात तुझी जागा बदलली. हा अनुभव ताजा असताना तू दुसऱ्या तशाच माणसाच्या शब्दावर देश बदलायला निघालीस! जागेचं आश्वासन बोलाचीच कढी. कागदावर नसलेली गोष्ट मिळाली तर आनंद मान, पण तिच्यासाठी जाऊ नकोस.

दीडपट पगाराची मात्र मी थट्टा करणार नाही. महिला फुटबॉलमध्ये पैसा आला म्हणतात तो मोजक्या क्लबांत आलाय. फिफाने २०२५ मध्ये जगभरच्या क्लबांची पाहणी प्रसिद्ध केली, त्यात खेळाडूंचा सरासरी वार्षिक पगार १०,९०० डॉलर भरला. त्याआधी २०१७ मध्ये फिफप्रो या खेळाडूंच्या जागतिक संघटनेने हजारो जणींना विचारलं होतं, तेव्हा जवळपास निम्म्या जणींना क्लबकडून पगारच मिळत नव्हता, आणि मिळणाऱ्यांचा करार सरासरी बारा महिन्यांचा होता. म्हणजे तुला आलेला एक वर्षाचा करार जगावेगळा नाही. तुझ्यासाठी तो वाईट आहे, इतकंच, आणि त्याचं कारण तुझा गुडघा.

हिशेब मांडून बघ. तिथे चौथ्या महिन्यात गुडघा पुन्हा गेला, तर धडपणे मैदानात उतरायला नऊ महिने ते वर्ष. तोवर करार संपलेला. मग ऑपरेशनचा खर्च कुणाचा, फिजिओ कुणाचा, राहायची जागा कुणाची? हे भीती घालायला लिहीत नाहीये. एकदा एसीएल तुटलेल्या खेळाडूला पुन्हा तुटण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, आणि मुळात ही दुखापत मुलींमध्ये मुलांपेक्षा कितीतरी अधिक होते. स्पेनच्या अलेक्सिया पुतेयासचा गुडघा जुलै २०२२ मध्ये, युरो तोंडावर असताना गेला; पुढच्या एप्रिलमध्ये ती परतली आणि ऑगस्टमध्ये स्पेनबरोबर विश्वविजेती झाली. पण तिच्यामागे एक मोठा क्लब उभा होता. अमेरिकेची मिडफिल्डर सॅम मुइस विश्वविजेती होती, तरी गुडघ्यापायी तिला ३१ व्या वर्षी बूट काढून ठेवावे लागले. दोन्ही गोष्टी डोळ्यांसमोर ठेव. तुझ्या ऑपरेशनला तीन वर्षं झाली आणि त्यानंतर तू २१ सामने धडधाकट खेळलीस, ही मोठी जमा आहे. पण फिफाच्या ११+ वॉर्मअपमधले पंधरा व्यायाम आजही करतेस का? वीस मिनिटं लागतात, कंटाळवाणे आहेत, आणि ते नियमाने करणाऱ्या संघांत दुखापती लक्षणीय कमी होतात. एसीएल बहुतेक वेळा कुणाचा धक्का न लागताच तुटतो, एकदम थांबताना, वळताना, उडी मारून उतरताना. सहा नंबरचं सगळं आयुष्य थांबण्यात आणि वळण्यात जातं.

मुलाचा विषय तू पत्रात एका ओळीत उरकलास. करारावर सही करताना तो असा उरकू नकोस. १ जानेवारी २०२१ पासून फिफाचा नियम आहे: किमान चौदा आठवड्यांची प्रसूती रजा, त्यातले किमान आठ आठवडे बाळंतपणानंतर, आणि त्या काळात करारातल्या पगाराच्या किमान दोन तृतीयांश रक्कम. परतल्यावर संघात सामावून घेणं क्लबवर बंधनकारक. नियम नुसता कागदावर राहिलेला नाही. आइसलंडची मिडफिल्डर सारा ब्योर्क गुन्नार्सदोत्तिर गरोदर असताना तिच्या फ्रेंच क्लबने पूर्ण पगार दिला नाही. ती खेळाडू संघटनेच्या मदतीने फिफाकडे गेली आणि थकलेले ८२ हजारांहून अधिक युरो वसूल केले. ऑस्ट्रेलियाची कट्रिना गॉरी २०२१ मध्ये आई झाली आणि २०२३ च्या विश्वचषकात मायदेशी मिडफिल्ड सांभाळत होती. पण यातली मेख लक्षात घे. हे संरक्षण करार चालू असेपर्यंतचं आहे. दोन वर्षांत मूल हवं असेल आणि हातात बारा महिन्यांचा कागद असेल, तर नियम आहे पण तुझ्या कामाचा नाही.

आईबद्दल. ती चुकतेय असं मी म्हणणार नाही, फक्त तिने दोन गोष्टी एकत्र बांधल्यात. पदवी पूर्ण कर, हे बरोबर. पुरे झालं, हे चूक. सरिना वीगमन स्वतः मिडफिल्डर होत्या, नेदरलँड्सच्या कर्णधार. त्या काळी तिथे महिला फुटबॉलवर पोट भरत नव्हतं, म्हणून त्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवत आणि क्लबकडून खेळत. पुढे तीन युरो जिंकणाऱ्या प्रशिक्षक झाल्या. तुझे सराव दुपारपर्यंत संपत असतील. उरलेल्या वेळात पदवीची दोन सत्रं आणि प्रशिक्षकाचा पहिला परवाना, एवढं दोन वर्षांत बसतं. सहा नंबरवर वर्षभर खेळून तुला सगळा खेळ समोरून दिसायला लागला असेल, तो परवान्याच्या वर्गात फार कामाला येईल. आईला हे दोन वर्षांचं वेळापत्रक कागदावर लिहून दाखव. आयांना वेळापत्रकं आवडतात.

तर, जाऊ की राहू? माझं मत राहावंस, पण फुकट नाही. तुझ्या क्लबकडे दोन वर्षांचा करार माग, पगारात वाढ माग, आणि दुखापत झाली तर करार संपल्यावरही उपचार पुरे होईपर्यंत खर्च क्लबचा, हे लेखी घे. बाहेरून दीडपट पगार आलाय हे सांगायला लाजू नकोस. पूर्ण दीडपट देणार नाहीत, पण मधे कुठेतरी येतील. क्लब दुसरं वर्ष द्यायला तयारच नसेल, तर त्यांच्या लेखी तू बारा महिन्यांचीच आहेस, आणि मग बारा महिने दीडपट पगारात काढलेले बरे. त्या स्थितीत खुशाल जा. फक्त तिकडेही दुसऱ्या वर्षाचा पर्याय माग, आणि तो पर्याय वापरायचा हक्क तुझा असू दे, क्लबचा नको. एजंटकडे फिफाचा परवाना आहे ना ते तपास. तू हललीस तर त्याला कमिशन मिळतं, राहिलीस तर बहुधा कमी किंवा काहीच नाही, एवढं डोक्यात ठेवून त्याचं ऐक. आणि सहीआधी करार खेळाडू संघटनेच्या वकिलाला वाचायला दे, तुला समजणाऱ्या भाषेत.

प्रशिक्षकांना भेटायला जाण्याआधी एक काम कर. तुझ्या जुन्या व्हिडिओत सगळे गोल असतील. नवीन बनव, या २१ सामन्यांचा, बारा-पंधरा तुकड्यांचा. त्यात मान फिरवून वळलेले चेंडू घे, दाब तोडणारे पास घे, समोरच्या संघाची चढाई सुरू होण्याआधीच मोडलेली घे. आणि एक तुकडा चुकीचाही ठेव, ज्यात तुझ्यामुळे गोल बसला. तिसरा प्रश्न विचारताना तोच लाव. क्लबच्या व्हिडिओ विश्लेषकाकडे सगळं चित्रण असतं, मागितलं की देतात. बहुतेक जणी मागतच नाहीत.

चार महिने म्हणालीस. पत्र माझ्यापर्यंत पोचून इथे यायला त्यातले तीन आठवडे गेलेत. भेट याच आठवड्यात माग.